उडीच्या फळीवर लाल कागद

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द आपण सगळेच सवयीने लिहितो आणि खुर्चीत बसूनच लिहितो. या खेपेला तो खरा आहे. गेल्या काही रविवारांत माझी आठही अंगं आधी सुटी सुटी आणि शेवटी एकदम जमिनीला लागली आहेत. त्यातला एक नमस्कार तुमच्या नावे धरावा.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींना झोप लागते का? दुकानासमोरचा रस्ता अजून खणलेलाच आहे का बुजवला एकदाचा? माझं विचाराल तर डावीकडचं कॉलरबोन मोडलंय, हात गळ्यात आहे, शर्ट चढवायला आंघोळीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि ब्रेडला लोणी लावायला गेलो की ब्रेड बशीसकट टेबलभर फिरतो. बाकी मजेत.

तुम्हाला पत्र लिहावं की नाही याचा बराच विचार केला. कोर्टाच्या निकालात बायको कुणाकडे, घर कुणाकडे, कपाटं कुणाकडे, सगळं लिहिलंय. मेहुण्याबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा तुम्ही माझ्याकडेच राहिलात असं मी धरून चालतो. शिवाय आपलं पहिल्यापासून जमलं. तुम्ही लाकडी जिने करणारे आणि मी लिफ्ट तपासणारा. खरं तर आपण एकमेकांचं तोंड बघायला नको होतं. पण एवढ्या वर्षांत आपलं कधी वाजलं नाही. वाजलं ते तुमच्या बहिणीशी, आणि त्यात तुमचा काही दोष नाही (तिला वाढवताना लाडावून ठेवलीत तेवढा सोडला तर).

मुद्दा भिंगरीचा आहे. तुमची भाची येत्या वाढदिवसाला सज्ञान होते. आपल्या लेखी ती पाळण्यात असल्यापासूनच सज्ञान आहे, पण कायद्याला ते आता कळणार. आजवर रविवार माझे होते, निकालात तसं स्वच्छ लिहिलंय. वाढदिवसानंतर रविवार तिचे. यायचं तर येईल, नाही तर नाही. कुठल्याही वकिलाला त्यात काही करता येणार नाही, मी विचारून आलो. मला सगळं काही मिळालं नाही, दादा, पण हा एक वार मिळाला होता. आणि तो आता मुलीच्या मर्जीवर आला आहे. त्यातून ती मुलगी तुमच्या घराण्याची.

आधी आमचे रविवार चांगले जात. कॉफी प्यायची, केक खायचा, मग मी तिला शहरातल्या बघण्यासारख्या लिफ्टा दाखवायचो. लहानपणी तिला फार आवडायचं. जुन्या बँकेतल्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमधून उतरायला तयार व्हायची नाही. (ती मोठी झाली तेव्हाही आवडतच असेल असं मला वाटत राहिलं, ही माझी समजूत.) तर एका रविवारी केक अर्धा टाकून म्हणाली, की पुढच्या वेळेपासून मी रानात सायकल चालवायला जाणार आहे, तुला यायचं तर ये.

रान म्हणजे पाण्याच्या टाकीमागे शहराने जी मोठी झाडी राखून ठेवली आहे, ते. पुढच्या बाजूला हिरवळ, बाकं, पेन्शनीतली माणसं आणि त्यांची कुत्री. मागच्या बाजूला उतार. या उतारावर झाडांच्या मुळांवरून, दगडांवरून, चिखलातून सायकली खाली सोडायच्या, याला म्हणे माउंटन बायकिंग म्हणतात. डोंगर कुठेही नाही. वर चढायचं ते खाली येण्यासाठी आणि खाली यायचं ते परत वर चढण्यासाठी. (हेच काम लिफ्ट करते, आणि कुणाच्या तोंडाला फेस येत नाही.) हे वेड तिच्या डोक्यात भरवलं कुणी? तुमच्या बहिणीच्या नव्या यजमानांनी. त्याला मी मनातल्या मनात पोटऱ्या म्हणतो. चार इंचांची चड्डी घालून तो उभा राहिला की बघणाऱ्याची नजर दुसरीकडे जातच नाही. पोटऱ्या कसल्या, वरवंटे आहेत वरवंटे. बरं, माणूस उर्मट असता तर माझं आयुष्य किती सोपं झालं असतं! पण नाही. मेला भलता सज्जन आहे. मला बघितलं की हेल्मेट काढून नमस्कार करतो. त्याचा चांगुलपणा मला पित्तासारखा घशाशी येतो.

मग मीही सायकल घेतली. दुकानदाराने विचारलं, कशा प्रकारचं रायडिंग करता? मी म्हटलं, बापाचं. त्याला कळलं नाही, पण त्याने सायकल दिली. तिची सीट हँडलवरचं बटण दाबलं की आपोआप खाली जाते आणि पुन्हा दाबलं की वर येते. मला वाटलं, अरे, ही तर एका माणसाची लिफ्ट! मी दुकानातच तिची पूर्ण तपासणी केली. वर, खाली, मध्ये थांबवून, वजन टाकून. दुकानदार आत जाऊन बसला. त्या बटणाबद्दल माझं मत नंतर बदललं. उतारावर ते चुकून दाबलं गेलं की सीट ज्या वेगाने वर येते, त्या वेगाला आमच्या खात्यात परवानगी मिळणार नाही. याहून जास्त मी थोरल्या माणसाला लिहू शकत नाही.

या मंडळींची एक रीत सांगतो, म्हणजे मी कुठे अडकलो ते कळेल. चढावर जो मागे पडेल त्याच्यासाठी बाकीचे वर थांबतात. ऐकायला किती छान वाटतं! पण होतं काय, की पुढचे वर पोचून पाणी पितात, हसतात, झाडाला टेकतात, आणि सगळ्यात मागचा माणूस जिभेचा पट्टा गळ्यापर्यंत लोंबवत वर पोचला रे पोचला की सगळे एकदम म्हणतात, आलात? चला! आणि निघतात. म्हणजे ज्याला विसावा हवा त्याला तो कधीच मिळत नाही. सगळ्यात मागचा माणूस कोण हे तुम्हाला सांगायला नको. भिंगरी वळून बघायची, बाबा ठीक ना, विचारायची, आणि मी उत्तराला श्वास गोळा करेपर्यंत ती झाडांत दिसेनाशी व्हायची. तरी मी जात राहिलो. करवंदीसारख्या कसल्याशा काटेरी जाळीत गेलो, ओढ्यात गेलो, एका आजीबाईंच्या कुत्र्यावरून जाता जाता आजीबाईंवर गेलो. (त्यांनी मला काठीने मारलं. बरोबरच होतं त्यांचं.) दर वेळी पोटऱ्या येऊन मला उठवायचा, साखळी बसवून द्यायचा, आणि वर म्हणायचा, मागच्यापेक्षा छान पडलात.

आता त्या फळीकडे येतो. उताराच्या मध्यावर एक घळ आहे, माणूस उतरला तर छातीपर्यंत जाईल अशी. तिच्यावरून उडी मारण्यासाठी या लोकांनी लाकडाचा एक रॅम्प बांधला होता. सगळी सुट्टी त्यात गेली भिंगरीची. फळ्या वाहिल्या तिने, करवतीने कापल्या, हाताला घट्टे पडले ते मला मोठ्या कौतुकाने दाखवले. ज्या रविवारी तो पुरा झाला त्या रविवारी सगळे त्याच्याभोवती जमले होते आणि ती पहिली उडी मारणार होती. मी म्हटलं, थांबा, मी एकदा बघतो. माझा जन्म माणसं खाली पडू नयेत यात गेलाय, दादा. मी रॅम्पखाली शिरलो, ठोकून बघितलं, हलवून बघितलं, आणि मला दिसलं की डाव्या बाजूची आडवी फळी नुसत्या खिळ्यांवर उभी आहे, बोल्ट नाही. त्या फळीवर पेन्सिलीने खुणा होत्या, इथे कापायचं, तिथे जोडायचं, पोटऱ्याच्या हातच्या. त्याचं अक्षर सुरेख आहे. खाली तिनेही काहीतरी गंमत लिहिली होती त्याला उद्देशून, आणि हसरं तोंड काढलं होतं. (याचा पुढच्या गोष्टीशी काही एक संबंध नाही.)

मी जाकिटाच्या खिशातून लाल कागद काढला आणि रॅम्पवर चिकटवला. आमच्या कचेरीचा छापील कागद, 'धोका. वापर बंद.' शिक्का मारलेलाच असतो, खाली फक्त सही करायची, ती केली. आमच्या कामाचा नियमच आहे. जिथे दोष दिसला तिथे कागद लावायचा आणि बाजूला व्हायचं. जो तपासतो त्याने दुरुस्तीला हात लावायचा नाही, कारण मग आपलंच काम आपण पास करू. कागद लावणाऱ्यानेच तो काढायचा, तोही दुसऱ्या कुणी दुरुस्ती केल्यावर. हा नियम मी आयुष्यभर पाळला. मंत्र्यांच्या लिफ्टला कागद लावून मी मंत्र्यांना जिन्याने चालवलंय! तर कागद लावला, आणि म्हटलं, आता बोल्ट घालून घ्या, पुढच्या रविवारी बघू. पोटऱ्या म्हणाला, बरोबर आहे तुमचं, राहून गेलं आमचं.  भिंगरीने पहिली उडी मारली नाही, सायकल हातात धरून चालत खाली गेली.

इथवर मी कुठे चुकलो, सांगा. पण सोमवारी शहराच्या बागखात्याची माणसं रानात फिरतीवर आली. त्यांनी सरकारी लाल कागद बघितला, शिक्का बघितला, आणि हा वरून आलेला हुकूम असं समजून कामाला लागली. हे तेच खातं, ज्याच्याकडून हिरवळीवरचा गळका नळ कित्येक वर्षं बदलून होत नाही! कुत्रेवाल्या आजीबाई अर्ज करून करून थकल्या. पण मोडायचं म्हटल्यावर काय उत्साह संचारला! कुऱ्हाडी काय, ट्रक काय. दुपारपर्यंत रॅम्प गेला, त्याच्या खालचे मातीचे उंचवटे गेले, वळणावरचे बांध गेले, आणि वाटेच्या तोंडाला तार लागली. मी त्यांच्या साहेबांना भेटून सांगितलं की माझा कागद दुरुस्तीचा होता, पाडायचा नव्हता. ते म्हणाले, धोका लिहिलं होतं ना? धोका काढला.

भिंगरी माझ्या घरी आली ती रविवारी नव्हे, बुधवारी. बसली नाही. तुमच्या बहिणीसारखी भांडली असती तर मला काय बोलायचं ते पाठ होतं. पण ही शांतपणे म्हणाली, "बाबा, तुला पाना चालवता येतो. बोल्ट तुझ्या पिशवीत असतात. दोन मिनिटांचं काम होतं. तू कागद का लावलास?" मी तिला नियम समजावून सांगितला. तिने सगळा ऐकून घेतला. मग म्हणाली, "घरी पण तू हेच करायचास." आणि गेली. दादा, मला कोर्टात पुष्कळ काही ऐकवलं गेलं, तुमच्या बहिणीच्या वकिलाने तर माझ्या घोरण्यावर अर्धा तास घेतला. पण हे लागलं. अजून लागतंय. कॉलरबोन त्या मानाने काहीच नाही.

कॉलरबोनचं असं झालं. पुढच्या रविवारी ती येणार नव्हती. निरोपही तिने पोटऱ्याकरवी धाडला. मी म्हटलं, नाही तर नाही, रान काही तिच्या आईच्या नावावर नाही. तारेखालून सायकल घातली आणि एकटाच वर गेलो. पहिल्यांदा माझ्यासाठी वर कुणी थांबलं नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा मला हवा तेवढा विसावा घेता आला. अजिबात बरं वाटलं नाही. मग निघालो. आणि उतरताना मनातल्या मनात मी तिच्याशी भांडत होतो. एवढं मुद्देसूद बोलत होतो, दादा, की सांगता सोय नाही. माझंच मला पटत होतं. ब्रेक सोडलेले, वाट गुळगुळीत केलेली, वेग चांगला आला. आणि जिथे रॅम्प होता तिथे रॅम्प नव्हता. ही बाब सबंध शहरात माझ्याइतकी चांगली कुणालाच माहीत नव्हती.

घळीत पडून मी वर बघत होतो. झाडं छान दिसतात खालून. माझ्या छातीवर सर्वांत आधी कुत्रं आलं, मागून आजीबाई. त्यांनी काठी उगारली, मला ओळखलं, आणि काठी खाली केली (इतका मी वाईट दिसत असणार). माझ्या फोनमध्ये अडीअडचणीला लावायचा नंबर म्हणून भिंगरीने कधीतरी भरून ठेवलेला नंबर त्यांनी लावला. तो पोटऱ्याचा निघाला! तो धावत आला, घळीत उतरला, आणि मला पाठुंगळीला मारून वर नेलं. त्या पोटऱ्या कशासाठी आहेत ते मला त्या दिवशी कळलं. हॉस्पिटलात नर्सने अर्ज भरताना त्याला विचारलं, पेशंटशी नातं काय?  आपल्याकडे सख्ख्या-चुलत-मावसभावंडांना शब्द आहेत, बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला साडू आहे, मुलीच्या सासऱ्याला व्याही आहे. पण बायकोच्या नवऱ्याला शब्दच नाही. इतक्या पिढ्या नुसत्या नाती मोजत बसल्या आणि नेमकं हेच राहिलं! शेवटी तो म्हणाला, बरोबर सायकल चालवतो. नर्सने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि लिहिलं, मित्र. मला खोडता आलं नाही. पेन माझ्या दुखऱ्या बाजूला होतं.

भिंगरी आली होती. दारात उभी राहिली, डॉक्टरांना सगळं विचारलं, माझ्या कानामागचा चिखल ओल्या रुमालाने पुसला. दुखतंय का म्हणाली. मी नाही म्हटलं. (का म्हटलं? आयुष्यभर हेच म्हणत आलो.) मग येते म्हणाली आणि गेली. कुठल्या दिवशी येते ते नाही बोलली. वाढदिवस तोंडावर आलाय. मी विचारणार नाही. कोर्टाने दिलेला रविवार मी हक्काने घेतला, आता भीक म्हणून मागायचा नाही असं मी ठरवलंय. सायकल विकायला काढली आहे. रानाचं नाव काढायचं नाही. रविवारी घरी बसेन, पेपर वाचेन, इस्त्री करेन. कित्येक माणसं करतात आणि जगतात. तेव्हा तुम्ही माझी काळजी करू नये. मला कुणाकडून काही नको आहे, तुमच्याकडूनही नाही. खुशाली कळावी एवढ्यासाठीच हे पत्र.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा, शिडीवर चढू नका.

आपला,
निकालात न उल्लेखलेला मेहुणा

ता. क. सायकल विकायला काढली असं वर लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. पुढचं चाक सरळ करायला टाकलं आहे. दुकानदार म्हणाला, आता तुम्ही सीटचं बटण दाबू नका.

आणखी एक. पोटऱ्या रोज डब्यातून सूप आणून देतो. सूप चांगलं असतं. हे तुमच्या बहिणीला कळता कामा नये, आणि मी त्याला काय म्हणतो हेही. परवा त्याने माझ्या शर्टाची बटणं लावून दिली. कसं वाटलं असेल कल्पना करा. मी थँक्यू म्हटलं, पण भिंतीकडे बघून.

शेवटचं, आणि खरं तर यासाठीच लिहायला बसलो होतो. सुट्टीत भिंगरी तुमच्याकडे येते आहे असं ऐकलं. बागेच्या साहेबांच्या दारात मी रोज गळ्यातला हात घेऊन बसत होतो, शेवटी कंटाळून त्यांनी लेखी दिलं, की कागद लावणाऱ्याने जबाबदारी घेतली तर रॅम्प परत बांधायला हरकत नाही. दादा, मला तो बांधायचा आहे. मला करवत धरता येत नाही, तुम्ही शिकवा. हाड जुळलं की मी येतो, दुकानात झोपेन, तुमचे जिने झाडेन. फळ्या तुमच्याकडच्या चांगल्या वाळलेल्या द्या. पण एक अडचण आहे. मी बांधला तर तो मला तपासता येत नाही. तेव्हा जेवताना वगैरे सहज विषय काढून भिंगरीला विचारा, माझं नाव न घेता, की रविवारी येऊन कुणाचं तरी एक काम तपासून देशील का. लाल कागदांचं पुडकं मी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय. ती लगेच पास करणार नाही, मला माहीत आहे. तिने नापासच करावं. डाव्या फळीला केलं, उजव्या फळीला केलं, माझ्या बोल्टांत खोड काढली, तरी चालेल. नापास केलं की फेरतपासणीला तिला पुढच्या रविवारी यावंच लागेल.